सिंकखालच्या कपाटात नेटके भोक कसे पाडावे

पाण्याचा फिल्टर बसवताना नळ्या एका कपाटातून दुसऱ्या कपाटात न्याव्या लागतात, डिशवॉशर घेतला की त्याच्या सांडपाण्याच्या नळीला वाट करून द्यावी लागते आणि मॉड्युलर किचन बसवल्यावर भिंतीवरचे एखादे सॉकेट मागच्या फळीआड गेले, तर त्याच्यासाठी चौकोनी खिडकी कापावी लागते. ही कामे उघड्या जागेत पाच मिनिटांची आहेत. सिंकखाली मात्र पुढे दाराची चौकट, मध्ये सांडपाण्याचा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप, मागे भिंत आणि वर ओट्याचा ग्रॅनाइट अशा कोंडीत मशीन सरळ धरताच येत नाही. तिरके धरलेले मशीन तिरके भोक पाडते, त्यात बिट अडकते, सनमायकाच्या चिपा उडतात आणि भोक गोल न राहता लांबट होते. म्हणून अशा जागेत भोकाचा व्यास ठरवण्याआधी मशीनला लागणारी जागा मोजावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी ड्रिल मशीन आजवर फक्त भिंतीला खुंटी मारण्यापुरते वापरले आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत क्रमाने लिहीत आहे.

उदाहरण म्हणून सिंकखालच्या कपाटातून शेजारच्या कपाटात आरओ फिल्टरच्या दोन नळ्या आणि एक वायर न्यायची आहे, असे धरू. त्याच कपाटाच्या मागच्या फळीत सॉकेटसाठी खिडकीही कापायची आहे.

पलीकडे काय आहे ते आधी पाहावे

दोन्ही कपाटे पूर्ण रिकामी करावीत आणि शेजारच्या कपाटातील ट्रॉली किंवा ड्रॉवर बाहेर काढून ठेवावा. नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त वेळा होणारी गफलत अशी, की भोक अलीकडून उत्तम पडते आणि पलीकडे नेमके ट्रॉलीच्या चॅनेलवर किंवा बिजागरीच्या पट्टीवर निघते. चॅनेलची उंची, दोन कपाटे एकमेकांना जोडणारे स्क्रू आणि दार बंद झाल्यावर बिजागरीला लागणारी जागा या तिन्ही गोष्टी पेन्सिलीने फळीवर आखून घ्याव्यात, म्हणजे उरलेला मोकळा भाग डोळ्यांपुढे येतो.

मागची फळी भिंतीला टेकलेली असेल, तर भिंतीतील वायर आणि पाइप यांचा विचार करावा. आपल्याकडील फ्लॅटमध्ये लपवलेल्या वायरिंगचे पाइप सहसा बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जातात आणि पाण्याचे पाइप नळापासून वर किंवा आडवे जातात. बोर्ड आणि नळ यांच्या सरळ रेषेत येणारा भिंतीचा पट्टा धोक्याचा समजावा. पाइपगॅसची जोडणी असेल, तर तिच्या जवळ भोक पाडू नये. ती नळी हलवायचीच असेल, तर ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

स्वयंपाकघराचा एमसीबी (मुख्य बोर्डातला त्या खोलीची वीज तोडणारा खटका) खाली पाडावा, टेस्टरने सॉकेट तपासावे आणि मगच आत हात घालावा. वायरचे ड्रिल मशीन असेल, तर ते वेगळ्या सर्किटवरच्या, म्हणजे बहुधा हॉलमधल्या सॉकेटवरून एक्स्टेंशनने चालवावे. बॅटरीवरचे मशीन मिळाले, तर अधिक चांगले, कारण ते आखूड असते आणि ओलसर कपाटात वायर आणावी लागत नाही. दिवा गेल्याने उजेड कमी होतो, म्हणून डोक्याला बांधायची टॉर्च घ्यावी. हातात धरलेल्या मोबाईलच्या उजेडात हे काम करू नये, कारण दोन्ही हात मशीनला लागतात.

जाणारी वस्तू आणि शिरणारे मशीन

आरओची नळी पाव इंची, म्हणजे बाहेरून ६.३५ मिमी असते, म्हणून एका नळीला ८ मिमीचे भोक पुरते. प्लंबिंगच्या इतर पाइपांचे व्यास मात्र त्यांच्या नावावरून धरू नयेत. 'अर्धा इंची' सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप बाहेरून सुमारे १६ मिमी भरतो आणि 'अर्धा इंची' जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बाहेरून २१ मिमीच्या थोडा पुढे जातो, कारण ही नावे बाहेरच्या मापाची नाहीत. पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून, जिथे टोक जुळते तिथे खूण करून, त्या लांबीला ३.१४ ने भागले, तर खरा व्यास मिळतो. त्यात ३ ते ४ मिमी मिळवावेत.

वायरच्या बाबतीत वायरची जाडी नव्हे, तर तिच्या टोकाचा प्लग मोजावा. प्लग जात नाही म्हणून वायर कापून पलीकडे टेपने जोडण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. सिंकखालच्या ओलाव्यात असा जोड ठेवणे घातक आहे. त्यापेक्षा भोक मोठे करावे. ऑफिसच्या टेबलावर वायर सोडण्यासाठी जे प्लास्टिकचे झाकण असते, ते ६० मिमीच्या भोकासाठी सहज मिळते आणि त्यातून नेहमीचा प्लग निघून जातो.

आता मशीन मोजावे. बिट बसवून बिटाच्या टोकापासून मशीनच्या पाठीपर्यंतची लांबी टेपने घ्यावी. साधे १० मिमी चकचे (चक म्हणजे बिट पकडणारे तोंड) ड्रिल आणि त्यात होल सॉ (मोठे गोल भोक कापणारी, कडेला दात असलेली वाटी) मिळून ही लांबी सहज ३५ सेंटीमीटरच्या आसपास जाते. ४५० मिमी रुंदीच्या कपाटात दोन बाजूंच्या १८ मिमी फळ्या वजा केल्या, तर आतून ४१४ मिमी उरतात, म्हणजे कागदावर मशीन बसते. पण मध्ये ट्रॅप असतो, हाताची मूठ असते आणि वायरचा वळसा असतो. जागा अपुरी वाटली, तर लगेच नवे हत्यार घेण्याचा विचार करू नये. आधी शेजारच्या मोकळ्या कपाटातून भोक पाडता येते का, ते पाहावे. तेही जमत नसेल, तर ट्रॅप काढावा. प्लास्टिकच्या ट्रॅपचे नट हाताने फिरतात. खाली बादली ठेवून दोन नट सोडवले की मधली सगळी जागा मोकळी होते. वॉशर कोणत्या बाजूने बसला होता, त्याचा फोटो मात्र काढून ठेवावा.

हत्यार निवडताना

अडथळे काढूनही ड्रिल सरळ बसत नसेल, तर काटकोनी अडॅप्टर घ्यावा. हा ड्रिलच्या चकमध्ये बसतो आणि बिटाची दिशा नव्वद अंशांनी वळवतो, त्यामुळे मशीन फळीला समांतर राहते आणि फळीसमोर फक्त अडॅप्टरचे डोके व बिट एवढीच जागा लागते. यात साधारणपणे पाव इंची षटकोनी दांड्याची बिटे बसतात, म्हणून त्याच दांड्याची आखूड बिटे घ्यावीत. हॅमर मोडवर हा अडॅप्टर कधीही चालवू नये, त्याचे गिअर तुटतात. माझ्या मते ३५ मिमीच्या पुढचा होल सॉ काटकोनी अडॅप्टरवर नवशिक्याने लावूच नये.

वाकणारा लवचीक शाफ्टही बाजारात असतो. स्क्रू पिळायला आणि ३-४ मिमीच्या भोकाला तो ठीक आहे, पण होल सॉ लावला की जोर फळीत न जाता शाफ्टच्या पिळात जातो आणि दात उड्या मारू लागतात. कपाटाच्या दारातून सरळ रेषेत, पण खोलवर मागच्या फळीत भोक हवे असेल, तर बिटाला जोडायच्या लांब एक्स्टेंशन दांड्याचा उपयोग होतो. अशा वेळी बिटाचे टोक आधी लाकडाला टेकवावे आणि मगच बटण दाबावे, कारण हवेत सुरू केलेला लांब दांडा फटक्यासारखा फिरतो.

चौकोनी कामासाठी बहुतेकांच्या मनात जिगसॉ येतो. इथे तो बाद आहे, कारण जिगसॉचे पाते फळीच्या मागे खालीवर होण्यासाठी मोकळी जागा लागते आणि आपल्या फळीमागे तर भिंत आहे. मल्टीटूल हे या जागेचे खरे हत्यार आहे. त्याचे पाते फिरत नाही. ते सुमारे तीन अंशांच्या कोनात, मिनिटाला वीस हजारांपर्यंत वेळा डावीउजवीकडे थरथरते. हाडाचे प्लास्टर कापायला डॉक्टर जे यंत्र वापरतात, तेही याच तत्त्वावर चालते. पण त्यावरून हे पाते बोटाला कापत नाही, असा समज करून घेऊ नये. लाकडाच्या पात्याला मोठे दात असतात आणि ते बोट चांगलेच कापतात.

गोल भोक, टप्प्याटप्प्याने

मॉड्युलर किचनमध्ये दोन शेजारच्या कपाटांना स्वतःची स्वतंत्र बाजू असते, म्हणून आपल्याला १८ अधिक १८, म्हणजे ३६ मिमी लाकूड पार करायचे असते. सुताराने जागेवर बांधलेल्या किचनमध्ये बहुधा एकच फळी असते. हा फरक आधी तपासावा, कारण स्वस्त संचातील होल सॉ अनेकदा २५ मिमीसुद्धा खोल नसतात आणि चांगल्या बायमेटल होल सॉची खोलीही सुमारे ३८ मिमी असते. जोडफळी असेल, तर दोन्ही बाजूंनी कापावे, म्हणजे खोली पुरते आणि दोन्ही कडा स्वच्छ राहतात.

पहिल्यांदा जिथे भोक हवे, तिथे दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप घट्ट चिकटवावी. कपाटाच्या पुढच्या कडेपासून आणि तळाच्या फळीपासून माप घेऊन केंद्र आखावे. सिंकखालच्या कपाटात भोक तळापासून निदान १० सेंटीमीटर वर ठेवावे, म्हणजे कधी गळती झाली, तर पाणी शेजारी जात नाही. केंद्रावर टोच्याने किंवा खिळ्याने खळगा पाडावा, नाहीतर गुळगुळीत सनमायकावर बिट घसरते.

त्यानंतर लगेच होल सॉ लावू नये. आधी ३ मिमीच्या बिटाने आरपार एक बारीक भोक पाडावे आणि पलीकडे जाऊन ते कुठे निघाले ते पाहावे. चॅनेलजवळ निघाले, तर एवढे भोक बारीक भुसा आणि फेव्हिकॉल यांच्या लगद्याने सहज बुजते. साठ मिमीचे भोक बुजवता येत नाही. बिट सरळ धरले आहे की नाही, हे कळण्यासाठी छोटा गुण्या किंवा गुण्या नसेल, तर एखादा चौकोनी लाकडी ठोकळा फळीला लावून बिटाशेजारी धरावा आणि वरून व बाजूने असे दोनदा पाहावे.

जागा पक्की झाली की होल सॉच्या मधले पायलट बिट त्या भोकात घालावे. मशीनचा वेग सर्वांत कमी ठेवावा. गिअर असेल तर १ नंबरवर आणि क्लचची (ठरावीक जोरापुढे चक सुटे करणारी) सोय असेल तर ती मध्यम. क्लचचे महत्त्व अडचणीच्या जागेत फार आहे. मोठा होल सॉ एकदम अडकला की बिट थांबते आणि मशीनच फिरते. उघड्या जागेत मनगटाला हिसका बसतो, पण कपाटात मूठ मशीन आणि फळी यांच्यामध्ये चिरडते. म्हणून मशीन फिरले, तर ते कोणत्या दिशेला जाईल हे आधी ठरवून त्या बाजूला हात ठेवू नये आणि बाजूची मूठ बसत असेल, तर ती बसवावीच. अंगठ्या, बांगड्या, ओढणी, सैल बाह्या दूर ठेवाव्यात. फिरत्या बिटाजवळ कापडी हातमोजे घालू नयेत, कारण ते गुंडाळले जातात. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला मास्क मात्र हवाच.

पहिली काही वळणे मशीन उलट दिशेने फिरवावे. उलट फिरणारे दात लाकूड खात नाहीत, पण सनमायकावर एक स्वच्छ गोल चर पाडतात आणि त्या चरामुळे पुढे कडेच्या चिपा उडत नाहीत. मग सुलट दिशा लावून हलक्या दाबाने कापायला सुरुवात करावी. दोन-तीन मिमी गेल्यावर थांबून चर नीट पाहावा. तो एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला नुसता ओरखडा असेल, तर मशीन खोल चराच्या बाजूला झुकले आहे असे समजावे आणि इथेच ते सरळ करून घ्यावे. अर्ध्या फळीत गेल्यावर ही चूक सुधारता येत नाही. होल सॉ आपल्याच चरात अडकून बसतो.

दर काही सेकंदांनी होल सॉ बाहेर काढून दातांत भरलेला भुसा झटकावा. प्लायचा भुसा डिंकाळ असतो, तो चरात दाबला गेला की दात कापण्याऐवजी घासू लागतात, जळका वास येतो आणि कड काळी पडते. याला एक सोपा उपाय आहे. वर्तुळाच्या चरात ५-६ मिमीची एक-दोन भोके आरपार पाडून ठेवावीत, म्हणजे भुसा त्यांतून बाहेर पडतो आणि काम निम्म्या जोरात होते. धूर दिसला तर दाब वाढवू नये. थांबावे, होल सॉ गार होऊ द्यावा.

पहिल्या फळीचा गोल सुटल्यावर किंवा एकच फळी असेल, तर पायलट बिट पलीकडे नीट दिसू लागल्यावर, मशीन बाहेर काढून उरलेले काम पलीकडून त्याच पायलट भोकातून करावे. पलीकडे हात पोचत नसेल, तर शेवटचे काही मिमी जवळजवळ विनादाबाचे, मशीनच्या वजनावर कापावेत आणि शक्य असल्यास कोणाला तरी पलीकडून लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट लावायला सांगावे. हाताने धरायला सांगू नये, कारण पायलट बिट त्यातून बाहेर येते. होल सॉमध्ये अडकलेला लाकडाचा गोल गरम असतो. तो बाजूच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने ढकलावा.

मागच्या फळीत खिडकी

मागची फळी बहुधा ६ मिमीची असते. सॉकेटच्या प्लेटचे माप घेऊन चारही बाजूंनी ३ मिमी सोडून आयत आखावा. जागा नेमकी कुठे आहे, ते मापावरून काढावे. अंदाज पक्का नसेल, तर आयताच्या मध्यभागी आधी लहानशी खिडकी कापून आत टॉर्चने पाहावे आणि मग रेषा दुरुस्त कराव्यात. एमसीबी बंद आहे, याची इथे पुन्हा खात्री करावी, कारण पात्याच्या मागे लगेच वायर आहे.

मल्टीटूलच्या पात्यावर टोकापासून ७ मिमीवर टेपची पट्टी लावावी. ती पट्टी फळीला टेकली की थांबायचे, एवढा एकच नियम पाळला तर भिंतीला आणि वायरला धक्का लागत नाही. पाते रेषेवर एकदम सपाट दाबू नये. आधी त्याचा एक कोपरा टेकवून रेषाभर हलका चर पाडावा आणि मग त्या चरात, रेषेच्या मधल्या भागापासून, पाते उभे घुसवून थोडे डावीउजवीकडे हलवत कापत जावे. कोपरे शेवटी घ्यावेत. नेहमीचे पाते सुमारे ३० मिमी रुंद असते आणि कोपऱ्यात ते रेषेच्या पुढे जाते, म्हणून शेवटचा भाग १० मिमीच्या अरुंद पात्याने किंवा धारदार पटाशीने पुरा करावा. दात काळे पडू लागले, तर वेग कमी करावा आणि हात हलता ठेवावा. मल्टीटूलला जोर नको असतो, उसंत हवी असते.

खालची बाजू कापून झाली आणि वरची सुरू केली की मधला तुकडा लोंबतो आणि पाते चावतो. त्याच्या मधोमध एक स्क्रू अर्धा पिळून तो मूठ म्हणून धरावा, म्हणजे तुकडा मागेही पडत नाही. हा स्क्रूसुद्धा फळीपेक्षा खोल जाता कामा नये.

ग्रॅनाइट आणि टाइल

ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये नळासाठी भोक हवे असेल, तर ते कपाटात शिरून खालून पाडू नये. त्याला हिऱ्याचे कोर बिट आणि सतत पाणी लागते. खालून काम केले, तर ते पाणी मशीनमध्ये उतरते. वरूनच, हॅमर बंद ठेवून, ओट्यावर पिठाच्या गोळ्याची कड घालून त्यात पाणी साठवून कापावे. टाइलमध्येही हेच बिट चालते; पायलट नसल्याने ते थोडे तिरके टेकवून चंद्रकोरीएवढा चर पाडावा आणि मग हळूहळू सरळ करावे. पाण्याजवळ बॅटरीचे मशीन वापरावे. वायरचे वापरावेच लागले, तर ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (गळणारा करंट ओळखून वीज तोडणाऱ्या खटक्यामागे) आहे, याची खात्री करावी. हे काम पूर्वी कधी केले नसेल, तर बसवलेल्या ग्रॅनाइटवर पहिला हात मारू नये, एवढे आग्रहाने सांगतो. तडा गेला, तर पूर्ण ओटा बदलावा लागतो.

कड बंद करणे

भोक पाडून नळी घातली की काम संपले, असे समजून बरेच जण उठतात. सिंकखाली मात्र खरा धोका यानंतरचा आहे. आयएस ७१० प्रमाणातला मरीन प्लाय असला तरी कापलेल्या कडेतून त्याचे थर उघडे पडतात, आणि एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड तर ओलाव्याने फुगून सनमायकासकट सुटतो. म्हणून कड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल लाकडी दांड्यावर गुंडाळून घासावी, भुसा पुसून घ्यावा आणि ऑइल प्राइमर किंवा पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्यावेत. पहिला हात लाकूड पिऊन टाकते, म्हणून दुसरा टाळू नये. आधी प्राइमर वाळू द्यावा, मगच झाकण किंवा रबरी ग्रोमेट बसवावे. ग्रोमेटशिवाय नळी तशीच सोडली, तर ट्रॉलीच्या हालचालीबरोबर ती कडेवर घासत राहते.

नळीभोवती उरलेली फट सिलिकॉनने बुजवावी. सिंकखालची झुरळे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जायला याच फटी वापरतात आणि किराणा ठेवलेल्या कपाटात ती एकदा शिरली की घालवणे कठीण जाते. पुढे फिल्टर बदलताना नळी काढावी लागणार असेल, तर सिलिकॉनऐवजी फोमचा तुकडा कापून घट्ट बसवावा.

ट्रॉली परत घालण्यापूर्वी चॅनेलमधला भुसा ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढावा. तो ग्रीसला चिकटला, तर बेअरिंगच्या गोळ्या अडकून ट्रॉली खडखडू लागते. ट्रॅपचे नट फोटो पाहून, वॉशर त्याच बाजूने बसवून, हाताने घट्ट करावेत. पान्याने आवळले, तर प्लास्टिकचे आटे चिरतात. नंतर सिंकमध्ये बूच लावून ते पाण्याने भरावे, बूच एकदम काढावे आणि पाणी वेगाने जात असताना प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू पेपर धरावा. डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. कागद ओला झाला, तर तो नट सोडवून वॉशर पुन्हा सरळ बसवावा आणि हीच चाचणी पुन्हा करावी. सगळे नट कोरडे निघाल्यावर एमसीबी चालू करावा.